स्वतःला टाकून बोलणारा आवाज: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच विषयावर होती: चूक झाली की मनात सुरू होणारी स्वतःचीच खरडपट्टी, आणि त्या बोलण्याला एखाद्या पात्राचं रूप देऊन त्याच्याशी बोलण्याची पद्धत. सारखी पत्रं एकत्र केली आहेत आणि लिहिणाऱ्याची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

स्पर्धा परीक्षेची तयारी करते. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा हुकली. अभ्यासाला बसलं की डोक्यात सुरू होतं, 'तुझ्याच्यानं होणार नाही, घरच्यांचे पैसे घालवतेयस.' अशा आवाजाला वेगळं पात्र समजून त्याच्याशी बोलावं असं ऐकलं. म्हणजे नेमकं काय करायचं?
*(उमेदवार, पुणे)*

आवाज बंद पाडणं हा या पद्धतीचा हेतू नाही. दाबायला गेलं की तो जास्तच येतो. तो बोलतोय हे लवकर ओळखू यावं, तो कशाला घाबरतोय ते कळावं, आणि त्याच्याइतकाच ठाम पण वेगळ्या सुराचा दुसरा आवाज तयार व्हावा, एवढंच साधायचं आहे. क्रम बदलला तर पद्धत बिघडते, म्हणून क्रमानेच सांगतो.

पहिले चार दिवस त्याच्याशी काही बोलायचं नाही, फक्त टिपायचं. वहीच्या पानावर चार रकाने आखा: वेळ, त्याच्या लगेच आधी काय घडलं, आवाजाचे नेमके शब्द, आणि अंगात काय झालं. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. 'निराश वाटलं' ही नोंद कामाची नाही. 'पॉलिटी दोनदा वाचूनही विसरलीस, ढ आहेस' ही कामाची. चार दिवसांनी पानं चाळलीत तर बहुतेक वेळा दिसतं, की दिवसभर चालल्यासारखं वाटणारं हे बोलणं म्हणजे चारपाच वाक्यांचीच फिरवाफिरव आहे. तीही ठरावीक वेळी: सराव परीक्षेचे गुण आल्यावर, घरून फोन येऊन गेल्यावर, कुणी नेमणुकीचा फोटो टाकल्यावर.

पाचव्या दिवशी 'मी'ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य 'तू'ने लिहा. 'मी ढ आहे' हे वाक्य स्वतःबद्दलच्या माहितीसारखं वाटतं. 'तू ढ आहेस' म्हटलं की कुणीतरी बोलणारा आहे हे लक्षात येतं, आणि बोलणाऱ्याला विचारता येतं की बाबा, हे कशावरून? तुमच्या पत्रातलं वाक्य 'तू'मध्येच आहे, म्हणजे हे काम तुमच्या मनाने आपणहून करून ठेवलंय.

मग बोलणाऱ्याला जागा द्या. तो मागे उभा आहे, खांद्याशी आहे की समोर? किती फुटांवर? बोलणं भरभर की तोडून तोडून? आवाज चढा की दबका? चेहरा दिसला नाही तरी चालेल. अंतर, वेग आणि पट्टी हे तीन तपशील मात्र हवेतच, कारण पुढे तेच बदलता येतात. त्याला राक्षस किंवा भूत करू नका. माणसाएवढाच ठेवा, नाहीतर भीती कमी व्हायच्या जागी वाढते. काही जण त्याला विदूषकाचा किनरा आवाज देतात. किरकोळ कुरकुरीसाठी ते चालतं. पण वाक्यात घरच्यांचे पैसे असले, तर त्याची थट्टा केली की मन आणखी पेटतं, कारण मुद्दा थट्टेचा नसतो. नाव द्यायचं तर त्याच्या कामावरून द्या, 'हिशेबनीस' किंवा 'पर्यवेक्षक'. शिवी नको, नातेवाईकाचं नावही नको.

आता तीन प्रश्न, लेखी. तू माझ्यासाठी काय करतोयस? तू बोलायचं थांबलास तर काय होईल असं तुला वाटतं? हे काम कधीपासून करतोयस? उत्तरं त्याच्या तोंडून लिहा, पाच मिनिटं, पेन न उचलता. खरी किल्ली दुसऱ्या प्रश्नात असते. 'थांबलो तर तू झोपून राहशील, आणि गावाकडे तोंड दाखवायला जागा राहणार नाही' असं काहीतरी बाहेर येतं, आणि ओरडण्याखालची भीती दिसते.

इथे एक फाटा आहे, तो नीट पाहा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये आत्मटीकेचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात माणूस स्वतःला कमी पडलेला समजतो आणि टीका सुधारण्यासाठी चाललेली असते. दुसऱ्यात स्वतःचा तिटकारा असतो आणि टीका शिक्षेसाठी असते. दुसऱ्या प्रश्नाला भीतीचं उत्तर आलं तर पहिला प्रकार समजा, आणि पुढे जा. 'थांबायचं कशाला, तुझी लायकी हीच आहे' असं उत्तर आलं तर त्याच्याशी वाटाघाटी करत बसू नका. थेट पुढच्या पायरीवर या. आणि असं उत्तर रोज येत असेल तर हे काम एकटीने न करता समुपदेशकासोबत करा.

पुढची पायरी म्हणजे दुसरा आवाज. त्याला आपण सोबती म्हणू. आधी शरीर. पावलं जमिनीला टेकलेली, जबडा सैल, श्वास मिनिटाला पाचसहा: आत घ्यायला साधारण चारपाच सेकंद, सोडायला त्याहून थोडे जास्त. असं दोनतीन मिनिटं. ही पायरी वगळू नका. मनातल्या रागावण्याने अंग बाहेरच्या रागावण्यासारखंच आवळून येतं, आणि आवळलेल्या अंगातून निघालेला मायेचा शब्दही दटावल्यासारखाच लागतो. सोबती समजूतदार हवा, खंबीर हवा आणि त्याला कसली घाई नको. तुमची स्तुती करणं हे त्याचं काम नाही. तो चार गोष्टी सांगतो: काय घडलं (आकड्यांत), वाईट वाटणं साहजिक का आहे, यातलं हातात काय आहे, आणि आज वीस मिनिटांत उरकेल असं एक काम.

समजा, सराव परीक्षेत इतिहासाचे पंचवीसपैकी अकरा प्रश्न बरोबर आले. सोबती म्हणेल: 'अकरा बरोबर आले. चौदा चुकांतल्या आठ समाजसुधारकांवरच्या आहेत. दोन वर्षं घातल्यावर हे बघून पोटात खड्डा पडणारच. आजचे गुण बदलणार नाहीत, पण ते आठ प्रश्न समोर आहेत. जेवायच्या आधी त्यातले चार काढून बघ.' हे मोठ्याने म्हणा, आणि घरी बोलता त्या भाषेत म्हणा. वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडीत. पुस्तकी मराठीतला सोबती कुणाच्याच मनात टिकत नाही.

कुठे बिघडतं? सगळ्यांत जास्त वेळा सोबती वकील होतो. टीकाकार म्हणतो 'ढ आहेस', तो पुरावे काढतो की दहावीला इतके टक्के होते, टीकाकार उलट पुरावे काढतो, आणि तासभर खटला चालतो. सोबत्याने लायकीवर एक शब्दही बोलू नये, फक्त घडलेल्या गोष्टीवर आणि पुढच्या कामावर बोलावं. दुसरी चूक वेळेची. रात्री अंथरुणात हे करू नका, तिथे ते चिंतन न राहता घोकणं होतं. दिवसा, बसून, दहा ते पंधरा मिनिटं, एकदाच. तिसरी चूक तुमच्या बाबतीत होण्यासारखी आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: पैशाचा मुद्दा टाळणं. टीकाकाराची भाषा चुकीची असली तरी त्याने धरून ठेवलेला प्रश्न खरा असू शकतो. आणखी किती प्रयत्न, खर्च कुणाचा, दुसरा पर्याय कोणता, हे एका रविवारी घरच्यांशी बोलून कागदावर लिहा आणि त्यावर पुढच्या फेरविचाराची तारीख घाला. नंतर तो पैशावरून बोलू लागला की सोबत्याला सांगता येतं, 'त्याचा निर्णय अमुक तारखेला आहे.' हे ठरलेलं नसेल तर कितीही मायेने बोला, तो गप्प बसणार नाही. आणि बसूही नये.

माझ्या मनातला आवाज हुबेहूब वडिलांचा आहे. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना टीकाकार म्हणून समोर बसवणं मला अपमान वाटतो.
*(शिक्षक, रत्नागिरी जिल्हा)*

मग बसवू नका. त्याची गरजही नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (मृत्यू 1934) यांनी लहान मुलांच्या बोलण्याचा अभ्यास करून दाखवलं, की मूल आधी मोठ्यांचं ऐकतं, मग खेळताना तेच स्वतःशी मोठ्याने बोलतं, आणि शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत ते बोलणं हळूहळू मनात जातं. 'नीट धर, सांडेल' हे आईचं वाक्य मुलाच्या ओठांवर येतं आणि मग आत उतरतं. तेव्हा तुमच्या मनात आहेत ती तुमच्या वडिलांची काही मिनिटांची वाक्यं, आठदहा वर्षांच्या मुलाच्या कानांनी ऐकलेली. अख्खे वडील त्यात नाहीत. म्हणून लिहिताना 'बाबा म्हणतात' असं न लिहिता 'तो सूर म्हणतो' असं लिहा.

सराव असा करा. वाक्य तेच ठेवा, बाकीचं बदला. आधी ते अर्ध्या वेगाने ऐका. मग अंगणाच्या पलीकडून आल्यासारखं, दबक्या आवाजात. मग एसटी स्थानकावरच्या अनोळखी उद्घोषकाच्या आवाजात. प्रत्येक बदल अर्धा मिनिट. जरब उतरली की खाली राहतो तो मजकूर. तो कधी 'उधारी करू नकोस' इतका साधा सल्ला असतो, आणि तो ठेवायचा की सोडायचा हे आज वयाच्या या टप्प्यावर तुम्ही ठरवू शकता.

काही वाचक-भगिनींनी हेच सासूबाईंच्या आवाजाबद्दल विचारलं आहे. व्यक्ती हयात असेल, रोज समोर येत असेल, तर नाव काढून टाकणं आणखी गरजेचं. मनात रोज दहा मिनिटं त्यांच्याशी भांडण रंगवलं तर अकराव्या मिनिटाला स्वयंपाकघरात बोलताना आपलाच स्वर तुटक येतो, आणि त्यांनी आज काही केलेलंही नसतं.

एक इशारा. घरात मार, अपमान किंवा याहून गंभीर काही घडलेलं असेल, तर रिकाम्या खुर्चीत त्या व्यक्तीला कल्पून जुना हिशेब मिटवण्याचा प्रयोग एकट्याने करू नका. प्रशिक्षित उपचारक तो करून घेतात, आणि मध्येच थांबवून तुम्हाला आजच्या खोलीत परत कसं आणायचं हे त्यांना ठाऊक असतं. एकट्याने केलं तर आठवणी एकदम अंगावर येतात आणि आवरायला कुणी नसतं.

शास्त्रीय गायन शिकते. मनातला आवाज कडक नसता तर माझा रियाज झालाच नसता. त्याला मऊ केलं तर आळस येणार नाही का?
*(विद्यार्थिनी, कोल्हापूर)*

कडक असणं आणि टाकून बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'पंचमावर सूर उतरतोय, परत लाव' हे कडक आहे. 'तुझा गळाच गाण्याचा नाही' यात करण्यासारखं काहीच नाही. मनातलं वाक्य कागदावर उतरवा आणि पुढच्या दहा मिनिटांत करता येईल अशी एखादी कृती त्यात आहे का, ते शोधा. नसेल तर ते वाक्य सुधारणा नव्हे, मग ते कितीही शिस्तीचं वाटो.

आळसाच्या भीतीबद्दल: ज्युलिआना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात अवघड चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःकडे समजुतीने बघायला सांगितलं होतं. पुढच्या चाचणीआधी त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. आम्हाला यात आश्चर्य वाटत नाही. चूक बघितल्यावर मार मिळणार नाही अशी खात्री असेल, तर माणूस चूक नीट बघतो.

रियाजात टीकाकाराला वेळ नेमून द्या. तासाचा रियाज असेल तर पहिली पंचेचाळीस मिनिटं फक्त गाणं. काही चुकलं तर वहीत एक खूण, शब्द नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याला बोलवा आणि दोनच दुरुस्त्या मागा, प्रत्येकीत उद्याची कृती हवी. तिसरी आजच्यापुरती घ्यायची नाही. यामागे साधं कारण आहे. तानपुऱ्याशी सूर जुळतोय का हे ऐकायला जे लक्ष लागतं, तेच लक्ष मनातलं रागावणं खातं. शिवाय श्वास छातीत वर चढतो आणि गळा आवळतो. मग जो सूर बिघडतो त्याला टीकाकार पुरावा म्हणून धरतो. ध्वनिमुद्रण करत असाल तर ते लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐका.

विवेकनिष्ठ पद्धतीने विचार तपासायला मी शिकलो आहे. मग ही आवाजांची कल्पना वेगळी कशी?
*(वाचक, ठाणे)*

अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत विचाराचा मजकूर तपासते: हे खरं आहे का, तर्काला धरून आहे का, उपयोगाचं आहे का. आवाजांची पद्धत सूर आणि नातं तपासते: हे कोण, कशा स्वरात, कशासाठी बोलतंय. विचार चुकीचा आहे हे कळत नसेल तर तुमची पद्धत आधी वापरा. 'चुकीचा आहे हे कळतं, पण वळत नाही' अशी अवस्था असेल तर ही वापरून बघा. एक तपासून घ्या: 'माझी ही मागणी अविवेकी आहे' हे वाक्य तुम्ही मनात कोणत्या स्वरात म्हणता? तेही दरडावून म्हणत असाल तर टीकाकारानेच तुमची पद्धत हातात घेतली आहे.

डोळे मिटले तर मला काहीच दिसत नाही, ना चेहरा ना जागा. शिवाय इकडे दिवसभर इंग्रजी आणि जर्मन. माझ्यासाठी ही पद्धत आहे का?
*(अभियंता, म्युनिक)*

आहे. मनात चित्र न उमटण्याच्या या अवस्थेला ॲडम झेमन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने 2015 मध्ये अफँटेझिया हे नाव दिलं. तो आजार नाही. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांनी खुर्च्या, कागद आणि स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज वापरावा.

खुर्च्यांचा प्रयोग फ्रिट्झ पर्ल्स यांच्या गेस्टाल्ट उपचारातून आला. कॅनडातल्या लेस्ली ग्रीनबर्ग यांनी त्याची पायरीपायरीने मांडणी केली. घरी करायचा तर दोन खुर्च्या समोरासमोर, तीनचार फुटांवर, आणि तिसरी जरा बाजूला. पहिल्या खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या खुर्चीला टीकाकाराची वाक्यं मोठ्याने ऐकवा, 'तू' म्हणून, दोन मिनिटं. उठा आणि दुसऱ्या खुर्चीत बसा. इथे उत्तर द्यायचं नाही. ऐकून काय झालं तेवढंच सांगायचं: 'छातीत दडपण आलं', 'पळून जावंसं वाटलं', 'मला इतकंच हवं होतं की...'. परत पहिल्या खुर्चीत जा आणि हे ऐकल्यावर टीकाकार काय म्हणतो ते पाहा. कधी त्याचा स्वर इथे उतरतो, कधी नाही. शेवटी तिसऱ्या खुर्चीत बसून, दोघांकडे बघत, सोबत्याच्या चार गोष्टी बोला. सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या आत, आणि उठायचं ते तिसऱ्या खुर्चीतूनच. प्रत्यक्ष उठून जागा बदलणं यातला जीव आहे. एकाच खुर्चीत बसून दोघांचं बोललात तर डोक्यातली जुनी तंटेबाजीच परत चालू होते.

जागा नसेल तर वही उभी दुमडा, डावीकडे एका रंगाच्या पेनने टीकाकार, उजवीकडे दुसऱ्या रंगाने सोबती. किंवा सोबत्याचं चाळीसपन्नास सेकंदांचं बोलणं फोनवर मुद्रित करून ठेवा आणि कामावरून परतताना ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज विचित्र वाटेल. चारपाच वेळा ऐकल्यावर ते जातं.

भाषेचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिलात, पण तो मोठा आहे. लहानपणच्या भाषेतले शब्द साधारणपणे नंतर शिकलेल्या भाषेपेक्षा जास्त खोल लागतात. टीकाकार मराठीत बोलतो आणि मोबाइलवरच्या ॲपमधून उचललेला धीर इंग्रजीत येतो, अशी विभागणी परदेशी राहणाऱ्यांत सहज होते, आणि तो धीर मग वरवरचा राहतो. टीकाकार ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत सोबत्याला बोलवा. उलट टीकाकार फारच बोचत असेल, तर त्याची वाक्यं काही दिवस जर्मनमध्ये लिहून पाहा. धार जरा कमी होते आणि मजकूर बघता येतो.

तीन आठवडे करते आहे. टीकाकाराचं जमलं, पण सोबती प्रेमाने बोलला की रडू फुटतं, आणि मग दिवसभर रिकामं वाटतं. सोडून देऊ का?
*(गृहिणी, नाशिक)*

सोडू नका, मात्रा कमी करा. ज्यांना लहानपणी माया कमी मिळाली, किंवा मायेपाठोपाठ बोलणी खावी लागली, त्यांना प्रेमाचा शब्द आधी धोक्याचा वाटतो किंवा जुनी उणीव जागी करतो. उपचारकांना हे चांगलं ओळखीचं आहे. रडू येणं म्हणजे पद्धत फसली असं नाही, पण दिवसभर रिकामं वाटणं म्हणजे एका वेळी जास्त झालं.

दोन आठवडे मायेचा सोबती बाजूला ठेवा आणि मधला, कोरा आवाज वापरा. आकाशवाणीवरच्या बातम्या वाचल्यासारखा: 'आज सकाळी कुकरची शिट्टी व्हायला उशीर झाला. डबा दहा मिनिटं उशिरा भरला. मुलगा वेळेत शाळेत पोचला.' न कौतुक, न दोष. दिवसातून दोन मिनिटं पुरे. हे सहज जमू लागलं की मायेचा शब्द आधी दुसऱ्या कुणासाठी वापरा. हीच चूक धाकट्या बहिणीकडून झाली असती तर तिला काय म्हणाला असतात, ते लिहा. मग त्यातलं एकच वाक्य स्वतःला म्हणा आणि थांबा. रडू आलं तर डोळे उघडे ठेवा, तळपाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. दोन आठवड्यांनीही रिकामेपण तसंच राहिलं, किंवा झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलं, तर डॉक्टरांना दाखवा. उदासीच्या आजारात स्वतःला दोष देणं हे एक लक्षणच असतं, आणि तिथे आधी आजारावर उपचार लागतात.

सोळा वर्षांची मुलगी म्हणते, 'डोक्यात आवाज येतो, तो मला वाईट बोलतो.' तिला तुमची पद्धत शिकवावी का?
*(पालक, छत्रपती संभाजीनगर)*

आधी विचारा, मग शिकवायचं की नाही ते ठरवा. शांतपणे, न घाबरता, एकेक प्रश्न. तो आवाज म्हणजे तिचाच विचार आहे असं तिला वाटतं का, की कानांनी ऐकू येतो, बाहेरून, दुसऱ्या कुणाचा? खोलीत कुणी नसताना ती वळून बघते का? तो काही करायला सांगतो का? इतरांना तो ऐकू जातो किंवा कुणी तिचे विचार वाचतंय असं तिला वाटतं का? स्वतःला इजा करायचं, मरून जायचं मनात येतं का? हा शेवटचा प्रश्न सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात घातले जात नाहीत.

'माझाच विचार आहे, पण मला रागावतो' असं उत्तर असेल तर वरची पद्धत तिच्यासोबत हळूहळू करता येईल. वही तिची, आणि ती तुम्ही वाचायची नाही. बाहेरून ऐकू येत असेल, आज्ञा देत असेल, किंवा शेवटच्या प्रश्नाला 'हो' असेल, तर आवाजांना पात्र करण्याचा कोणताही प्रयोग घरी करू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात न्या, आणि इजेचा विचार असेल तर त्याच दिवशी. तोवर तिला एकटी ठेवू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

आणखी एका अवस्थेत ही पद्धत नको: मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. नकोसा विचार आला की प्रत्येक वेळी सोबत्याकडून 'तू वाईट नाहीस' असं वदवून घेणं हाच तिथे नवा विधी होऊन बसतो, आणि हात धुण्यासारखाच वाढत जातो.

बैठकीत बोलायच्या आधी दोन मिनिटंच मिळतात. तेवढ्यात काय करावं?
*(बँक कर्मचारी, नागपूर)*

वही आणि खुर्च्या विसरा. स्वतःला नावाने हाक मारा. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं, की लोकांसमोर बोलण्याआधी 'मी'ऐवजी स्वतःचं नाव घेऊन मनात बोलणाऱ्यांना तो ताण कमी जाणवला आणि त्यांचं भाषणही चांगलं झालं. नावाने संकोच वाटत असेल तर 'मना' म्हणा. रामदासांनी 205 श्लोक मनालाच उद्देशून लिहिले, आणि सुरुवातीलाच त्याला 'सज्जना' म्हणून हाक दिली.

तीन सावकाश श्वास, प्रत्येक सोडताना खांदे खाली. मग तीन वाक्यं: टीकाकार आत्ता काय म्हणतोय ते एका वाक्यात, 'ऐकलं, बैठक झाल्यावर सहा वाजता बोलू', आणि नाव घेऊन पहिली कृती, 'अमुक, पहिला आकडा थकबाकीचा सांग.' पहिलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं की पुढचं बहुधा येतं, म्हणून कृती पहिल्या वाक्यापुरतीच ठरवा. सहा वाजता मात्र खरंच पाच मिनिटं बसा आणि त्याचं ऐका. दोनतीनदा टाळलंत तर पुढच्या बैठकीत तो 'सहा वाजता' मानणार नाही.